पाच प्रश्नचिन्हं : एका निनावी फ्लॉपीच्या कामाच्या नोंदी

९ जून

जुन्या संगणकाच्या छापील मॅन्युअलच्या मागच्या कव्हराला आतून एक कागदी खिसा चिकटवलेला होता. त्यात सव्वापाच इंची फ्लॉपी निघाली. लेबलवरची शाई पूर्ण उडाली आहे. दिवा तिरका धरला तरी पेनाचा दाब दिसत नाही. एक गोष्ट मात्र ठळक आहे. कडेची लिहिण्याची खाच काळ्या चिकटपट्टीनं नीट बंद केलेली आहे. म्हणजे यावर पुन्हा काही लिहिलं जाऊ नये असं कुणाला तरी वाटत होतं. रिकामी किंवा टाकाऊ फ्लॉपी कुणी अशी बंद करत नाही.

आज ती ड्राइव्हमध्ये घातली नाही. वाचणाऱ्या हेडसाठी ठेवलेल्या फटीतून टॉर्चच्या उजेडात तबकडी हळूहळू फिरवून पाहिली. एका बाजूला, बाहेरच्या कडेजवळ, पांढरट बुरशीचे दोन ठिपके आहेत. बुरशी घेऊन तबकडी फिरली तर हेड तीच घाण माहिती धरून ठेवणाऱ्या चुंबकीय लेपावर घासत जातं, आणि खरवडलेला लेप परत येत नाही. त्यामुळे आधी साफसफाई.

११ जून

आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या मऊ कापडानं, फटीतून दिसेल तेवढा भाग पुसत आणि तबकडी हातानं फिरवत बुरशी काढली. आतलं अस्तर कोरडं आणि स्वच्छ वाटतं. कापडावर तपकिरी रंग उतरला नाही, म्हणजे लेप अजून घट्ट आहे. रात्रभर सुकू दिली.

१२ जून

वाचनासाठी ग्रीझवीझल वापरतो आहे. कीर फ्रेझर यांनी केलेला हा मुक्त प्रकल्प: फ्लॉपी ड्राइव्ह आजच्या संगणकाला जोडणारं छोटं उपकरण. नेहमीचा फ्लॉपी कंट्रोलर सेक्टर (ट्रॅकचा, म्हणजे तबकडीवरच्या एका वर्तुळाकार पट्टीचा, तुकडा) वाचून बाइट देतो आणि शंका आली की चूक सांगून थांबतो. ग्रीझवीझल अर्थ लावत बसत नाही. चुंबकत्वाची दिशा कुठे कुठे उलटली, त्या क्षणांमधलं अंतर तेवढं नोंदवतो. अर्थ नंतर लावता येतो, हवा तितक्या वेळा, फ्लॉपीला हातही न लावता. नाजूक माध्यमाच्या बाबतीत हीच पद्धत योग्य आहे असं माझं ठाम मत आहे.

ड्राइव्ह १.२ मेगाबाइटचा आहे: ८० ट्रॅक, मिनिटाला ३६० फेरे. फ्लॉपी मात्र ३६० किलोबाइटची निघाली: ४० ट्रॅक, दोन बाजू, दर ट्रॅकला ९ सेक्टर, दर सेक्टरला ५१२ बाइट. म्हणून हेडला एकाऐवजी दोन पावलं टाकायला लावली. अशा ड्राइव्हचं हेड अरुंद असतं. जुन्या रुंद ट्रॅकवरून वाचायला ते चालतं. त्यानं लिहायला मात्र जाऊ नये, कारण नव्या अरुंद पट्टीच्या दोन्ही कडांना जुनं चुंबकत्व उरतं आणि ४० ट्रॅकच्या ड्राइव्हला दोन्ही एकदम ऐकू येतात. आपल्याला लिहायचं नाहीच.

दर ट्रॅकचे अनेक फेरे नोंदवले. एमएफएम या फ्लॉपीवर लिहिण्याच्या पद्धतीत दोन उलट्यांमधली अंतरं तीनच प्रकारची असतात. या ड्राइव्हच्या वेगावर ती साधारण ३.३, ५ आणि ६.७ मायक्रोसेकंद येतात. आलेख काढला की तीन वेगळे उंचवटे दिसायला हवेत. बहुतेक ट्रॅकवर ते सुरेख दिसले. १ क्रमांकाच्या ट्रॅकवर (मोजणी शून्यापासून) दुसऱ्या बाजूला मात्र उंचवटे एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि चौथ्या सेक्टरचा सीआरसी (चूक पकडणारा तपासणीचा आकडा) जुळत नाही.

१३ जून

ड्राइव्हचं हेड पुसून तोच ट्रॅक पुन्हा वाचला. वेगवेगळ्या फेऱ्यांमधले सिग्नल एकत्र तपासले, आणि एका फेऱ्यात चौथ्या सेक्टरचा सीआरसी जुळला. आता सगळे ७२० सेक्टर हातात आहेत. मूळ फ्लक्स फाइल (त्या उलट्यांची कच्ची नोंद) आणि सेक्टर प्रतिमा (तिच्यातून वाचलेले बाइट) दोन्ही वेगवेगळ्या जागी ठेवल्या, पुढे काही बदललं तर कळावं म्हणून चेकसम लिहून ठेवले. फ्लॉपी परत पाकिटात गेली. यापुढचं सगळं काम प्रतींवर.

१५ जून

पहिल्या, म्हणजे बूट सेक्टरमधल्या नावाच्या जागी एमएसडॉस ३.३ आहे. या ऑपरेटिंग सिस्टिमची ती आवृत्ती १९८७ ची, तेव्हा फ्लॉपीचं फॉरमॅटिंग त्याआधीचं नाही. डायरेक्टरीत फक्त सहा फाइली: ‘के’ नावाची एक बेसिक फाइल आणि पी१ ते पी५ अशा पाच डेटा फाइली, प्रत्येकी बरोबर १२८ बाइटच्या. सगळं मिळून पहिल्या दोन ट्रॅकवर मावतं. पुढे ३९ व्या ट्रॅकपर्यंत एफ६ (सोळाच्या पायात लिहिलेला आकडा) हाच बाइट, म्हणजे फॉरमॅट करताना भरलेला भराव.

सगळ्या फाइलींची तारीख १ जानेवारी १९८०. बॅटरीवरचं घड्याळ नसलेल्या संगणकात डॉस सुरू होताना तारीख विचारतं, आणि नुसतं एंटर दाबलं की १९८० पासून मोजायला लागतं. ही तारीख खोटी असली तरी तिच्या शेजारची वेळ निरुपयोगी नाही. संगणक सुरू केल्यापासून किती वेळानं फाइल लिहिली, ते ती सांगते. ‘के’ची वेळ ०१:१२ आहे. पी फाइलींच्या वेळा ००:०९ पासून ००:३१ पर्यंत, पाच-सहा मिनिटांच्या अंतरानं. कुणीतरी बसून एकेका फाइलीचे आकडे हातानं भरत होतं असा तो वेग आहे.

एक विचित्र गोष्ट टिपून ठेवतो: डायरेक्टरीतला क्रम पी१, के, पी२, पी३, पी४, पी५ असा आहे. ‘के’ मध्येच का?

१६ जून

‘के’चा पहिला बाइट एफई. जीडब्ल्यू-बेसिकची (डॉसवरची प्रोग्रॅमिंगची भाषा) साधी साठवलेली फाइल एफएफनं सुरू होते. एफई म्हणजे लेखकानं ती संरक्षित करून साठवली. असा प्रोग्रॅम चालतो, पण लिस्ट (ओळी दाखव) म्हटलं की ‘इल्लिगल फंक्शन कॉल’ एवढंच उत्तर मिळतं. हे कुलूप फार भक्कम नाही. ११ आणि १३ बाइटच्या दोन ठरावीक किल्ल्या आळीपाळीनं वापरून बाइट बदललेले असतात, आणि पीसी-बेसिक हा जुनं बेसिक आजच्या संगणकावर चालवणारा मुक्त एम्युलेटर ते सहज उलगडून दाखवतो.

तरीही आज उलगडलं नाही. आधी चालवून पाहायचं ठरवलं. लिस्टिंग समोर आलं की डोळे त्यावरच खिळतात आणि प्रोग्रॅम वागतो कसा याकडे लक्ष राहत नाही.

चालवला. स्क्रीन कोरी झाली आणि एक प्रश्नचिन्ह आलं. शब्द नाही, सूचना नाही. आकडा दिला की पुढचं प्रश्नचिन्ह. अशी पाच. मग ६४० गुणिले २०० बिंदूंच्या काळ्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक वाकडीतिकडी रेघ सरकत गेली, तिला छेदणारी एक तुटक आडवी रेघ आली, एक बीप झाला आणि खाली चार आकडे उमटले. कळ दाबली की पुन्हा पहिलं प्रश्नचिन्ह.

ज्यानं हे लिहिलं त्याला शब्दांची गरज नव्हती. पाच उत्तरं कोणत्या क्रमानं द्यायची ते त्याच्या बोटांना ठाऊक होतं.

१७ जून

आजचा सगळा वेळ आकडे बदलून बघण्यात गेला. पहिलं उत्तर १ ते ५ मधलंच चालतं, आणि ते देताच संबंधित पी फाइल उघडली जाते. दुसऱ्याला ३१ ची मर्यादा, तिसऱ्याला १२ ची, चौथ्याला ९९ ची. दिवस, महिना, वर्ष. पाचवं उत्तर काहीही चालतं. ते वाढवलं की तुटक रेघ वर चढते.

पहिला अंदाज बायोऱ्हिदमचा होता. जन्मतारखेवरून २३, २८ आणि ३३ दिवसांच्या लाटा काढणारे प्रोग्रॅम त्या काळात फार लोकप्रिय होते. पण इथली रेघ एकाच पडद्यात दोनदा चढते आणि दोनदा उतरते, आणि दोन चढ सारखे नाहीत. पडद्याची रुंदी एक दिवस धरली तर हा काहीतरी दिवसातून दोनदा होणारा प्रकार आहे.

मग बाकी सगळं तसंच ठेवून फक्त दिवस एकेकानं वाढवत गेलो. दर दिवशी शिखर उजवीकडे सरकतं. २४ तासांच्या मापावर ते सरकणं सरासरी ५० मिनिटांचं आहे.

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. पुढे दोन आठवड्यांचे दिवस देऊन पाहिले: शिखरं आधी वाढत गेली, मग बुटकी झाली. उधाण (मोठी भरती) आणि भांग (छोटी). हा भरती-ओहोटीचा प्रोग्रॅम आहे.

१८ जून

आता लिस्टिंग उलगडलं. एकही टिपणी नाही, ओळी गच्च भरलेल्या, चलांची नावं एकाक्षरी. पण डेटाच्या एका ओळीत हे सहा आकडे आहेत:

२८.९८४१०४२, ३०, २८.४३९७२९५, १५.०४१०६८६, १३.९४३०३५६, ५७.९६८२०८४

भरतीचं गणित करणारा माणूस हे आकडे अनोळखी हस्ताक्षरातही ओळखेल. हे दर तासाला किती अंश फिरायचं याचे वेग आहेत. चंद्राची मुख्य लाट एम२ तासाला २८.९८४१०४२ अंश फिरते, म्हणजे १२ तास २५ मिनिटांत एक फेरा. सूर्याची एस२ तासाला बरोबर ३० अंश, १२ तासांत फेरा. एन२ चंद्राच्या कमी-जास्त होणाऱ्या अंतराची. के१ आणि ओ१ दिवसातून एकदाच येणाऱ्या, आणि त्यांच्यामुळेच कालचे दोन चढ असमान होते. शेवटचा आकडा एम२च्या बरोबर दुप्पट आहे: एम४. तो आकाशातून येत नाही. पाणी उथळ झालं की मूळ लाट विकृत होते आणि त्यातून तो निपजतो. त्याच्याकडे परत यायचं आहे.

समुद्राची पातळी अशा लाटांच्या बेरजेत मांडायची कल्पना जुनी आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८७२ मध्ये त्यासाठी यंत्रच आखलं: प्रत्येक लाटेला एक चाक, सगळ्या चाकांवरून जाणारी एक दोरी, आणि दोरीच्या टोकाला कागदावर वक्र काढणारं पेन. आर्थर डूडसन यांनी १९२१ मध्ये लाटांची यादी जवळजवळ चारशेपर्यंत नेली. आपल्या अनामिक लेखकाला सहा पुरल्या. दोरीचं काम इथे एक फॉर-नेक्स्ट लूप करतो.

१९ जून

या कोडमधली काळजी आज पाहून घेतली आणि लेखकाबद्दल मनापासून आदर वाटला.

तो दिलेल्या तारखेपर्यंतचे तास १ जानेवारी १९०० पासून मोजतो. १९८७ पर्यंत ते साडेसात लाखांच्या पुढे जातात. त्यांना २८.९८ नं गुणलं की कोन दोन कोटी वीस लाख अंशांच्या घरात. जीडब्ल्यू-बेसिकची एकेरी अचूकता २४ बिटांची. १,६७,७७,२१६ च्या पुढे तिला लगतचे दोन पूर्णांकही वेगळे ठेवता येत नाहीत, दोन-दोन अंशांच्या उड्या पडतात. एम२साठी दोन अंश म्हणजे चार मिनिटं. आणि या बेसिकचं कोसाइन, मुद्दाम वेगळा स्विच दिल्याशिवाय, एकेरी अचूकतेतच चालतं.

लेखकानं गुणाकार दुहेरी अचूकतेत केला, त्यातून ३६० चे सगळे पूर्ण फेरे वजा केले, आणि उरलेला छोटा कोनच कोसाइनला दिला. बाकी काढणारं मॉड वापरलं नाही, कारण ते फक्त छोट्या पूर्णांकांवर चालतं. भागाकार करून इंटनं पूर्णांक काढला आणि वजाबाकी केली. ही गोष्ट चुकली असती तर रेघ तितकीच सुंदर दिसली असती आणि वेळा गुपचूप चुकल्या असत्या.

आणखी एक ओळ: १९.३२८२. दर वर्षी इतके अंश मागे सरकणारा कोन. ३६० ला त्यानं भागलं की १८.६ वर्षं येतात, चंद्राच्या कक्षेचे पात (पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला ती छेदते ते बिंदू) एक फेरा पूर्ण करतात तो काळ. त्या फेऱ्याबरोबर चंद्राच्या लाटा थोड्या मोठ्या-लहान होतात, आणि त्याचे गुणक इथे आहेत: एम२साठी ०.०३७, के१साठी ०.११५, ओ१साठी ०.१८७. एम४ला एम२च्या गुणकाचा वर्ग लावला आहे, एस२ला काहीच नाही, आणि दोन्ही बरोबर आहे. घरगुती प्रोग्रॅममध्ये ही दुरुस्ती गाळून टाकायचा मोह कुणालाही झाला असता.

२१ जून

पी फाइली. १२८ बाइट म्हणजे बेसिकच्या रँडम फाइलीतल्या एका नोंदीची ठरलेली लांबी. चार-चार बाइटचे गट पाडले, पण अपूर्णांक साठवायच्या आजच्या आयईईई या प्रमाण पद्धतीनं वाचले तर आकडे निरर्थक येतात. प्रत्येक गटाचा शेवटचा बाइट ७बी ते ८९ च्या दरम्यान असल्यामुळे उलगडा झाला: हा मायक्रोसॉफ्टचा जुना बायनरी आकडा, ज्यात घातांक शेवटी येतो. तिथे १ हा आकडा ००, ००, ००, ८१ असा लिहितात. आयईईईत तोच ००, ००, ८०, ३एफ.

योग्य पद्धतीनं वाचल्यावर प्रत्येक फाइलीत चौदा आकडे मिळाले. दोन सुटे, मग सहा जोड्या: लाटेची उंची आणि तिचं शिखर केव्हा येतं ते ठरवणारा कोन. ठिकाणाचं नाव कुठेही नाही.

२२ जून

नाव नसलं तरी पाच फाइली एकमेकींशेजारी ठेवल्या की बोलू लागतात.

एम२चा कोन पी१ पासून पी५ पर्यंत सतत वाढतो, एकूण ७८ अंश. २८.९८ नं भागलं तर २ तास ४१ मिनिटं. म्हणजे भरती पी१ला आधी पोचते आणि पी५ला पावणेतीन तासांनी. उघड्या समुद्रात लाट फार वेगानं धावते. इतका उशीर व्हायला ठिकाणं तरी फार दूर हवीत, नाहीतर वाट उथळ आणि अरुंद हवी. निवाडा एम४ करतो. पी१ला त्याची उंची ०.०२, जवळपास नगण्य. पी५ला ०.२१. उथळ पाण्यातून आत जाताना भरतीची लाट पुढून ताठ होते, पाणी झपाट्यानं चढतं आणि रेंगाळत उतरतं. पी५चा वक्र अगदी तसाच आहे.

पी१ मुखाशी, पी५ आत. ही एक खाडी आहे, किंवा नदीचं भरतीच्या टप्प्यातलं पात्र, आणि पाच ठिकाणं त्या वाटेवर ओळीनं आहेत.

भरतीचा स्वभावही काढला. के१ आणि ओ१ यांच्या उंचीच्या बेरजेला एम२ आणि एस२ यांच्या बेरजेनं भागायचं. ०.२५ च्या खाली आलं तर दिवसातून दोन जवळजवळ सारख्या भरत्या, ३ च्या वर गेलं तर दिवसातून एकच. पी१ला ०.३ च्या आसपास येतं: दोन भरत्या, पण थोड्या असमान.

सुट्या दोन आकड्यांपैकी एक सरासरी पातळी आहे. दुसरा काय, ते कोडच सांगेल.

२४ जून

कोडनं सांगितलं. पाचव्या प्रश्नाचं उत्तर आल्यावर प्रोग्रॅम त्यात १.५ मिळवतो आणि बेरजेला ०.३०४८ नं गुणतो. फुटांचे मीटर. त्यातून दुसरा सुटा आकडा वजा करतो आणि उरलेल्या उंचीवर तुटक रेघ मारतो. मग दर सहा मिनिटांनी पाणी त्या रेघेच्या वर आहे का ते पाहतो, आणि खाली छापतो ते चार आकडे: पाणी रेघेवर चढतं ती वेळ, उतरतं ती वेळ, आणि दुसऱ्या भरतीच्या तशाच दोन वेळा.

म्हणजे दुसरा सुटा आकडा तळाची खोली. पाचवं उत्तर म्हणजे बोट पाण्यात किती फूट बुडते ते. त्यावर दीड फुटाची मोकळीक. भरती किती वाजता एवढं सांगून हा प्रोग्रॅम थांबत नाही. या बोटीनं या ठिकाणावरून कधी जायचं आणि कधीपर्यंत बाहेर पडायचं, हे तो सांगतो.

पाच ठिकाणांमध्ये तळ सर्वांत उथळ पी४ला: ०.६ मीटर. वाटेतला वाळूचा उंबरठा तिथे आहे.

२७ जून

डायरेक्टरीतला क्रम मनातून जात नव्हता, म्हणून आज क्लस्टर, म्हणजे डॉस फाइलींना वाटून देतं ते जागेचे कप्पे, तपासले. पी१ ते पी५ क्लस्टर २ ते ६ मध्ये आहेत. ७ आणि ८ रिकामे. ‘के’ ९ ते १३ मध्ये. रिकाम्या फ्लॉपीवर आधी लिहिलेली फाइल २ मध्ये जायला हवी. ‘के’ ९ मध्ये गेली, कारण तेव्हा २ ते ८ मध्ये दुसरं काहीतरी होतं. ते नंतर पुसलं गेलं. त्याची डायरेक्टरीतली पहिली जागा पी१नं घेतली, म्हणून ‘के’ आज दुसऱ्या क्रमांकावर आहे.

आणि ते ‘काहीतरी’ पूर्ण गेलेलं नाही. या फ्लॉपीवर एक क्लस्टर म्हणजे दोन सेक्टर. १२८ बाइटची फाइल लिहिताना डॉस एकच सेक्टर लिहितं. क्लस्टरमधल्या दुसऱ्या सेक्टरला हात लावत नाही. त्यामुळे २ ते ६ मधला प्रत्येक दुसरा सेक्टर आणि ७, ८ हे क्लस्टर जुन्या अवस्थेत आहेत. तिथे बेसिकचे टोकन (आज्ञांचे संक्षिप्त संकेत) सापडले, कुलूप न लावलेले. हा ‘के’चाच आधीचा अवतार.

२८ जून

तुकडे जुळवले. मध्ये मध्ये अर्ध्या किलोबाइटची भगदाडं आहेत, तिथे ओळी तुटतात. पण बेसिकची प्रत्येक ओळ शून्य बाइटनं संपते, तेव्हा पुढच्या शून्यापासून पुन्हा वाचायला लागता येतं.

जुन्या आवृत्तीत प्रश्नांना शब्द होते. दिवस, महिना, वर्ष, आणि शेवटी बोट किती फूट बुडते, हे चार इंग्रजी शब्दांत वाचता आले. पहिला प्रश्न आणि ठिकाणांची नावं प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला असणार. तो सेक्टर पी१च्या आकड्यांनीच झाकला गेला. तेव्हा पाचही ठिकाणांचे आकडे कोडमध्येच डेटाच्या ओळींत होते, फाइली नंतर केल्या. टिपण्या आणि शब्द काढून टाकल्यानं प्रोग्रॅम लहान झाला आणि थोडा वेगवानही. त्या काळच्या संगणकावर एका दिवसाच्या वक्रासाठी सहा लाटांचे कोसाइन शेकडो वेळा काढायला बराच वेळ जाई.

एक टिपणी पूर्ण वाचता येते. छापील तक्त्याशी ताडून पाहिलं, फरक दहा मिनिटांच्या आत, असा तिचा अर्थ. दुसरी अर्धीच आहे: तळ दर मोसमात पुन्हा मोजावा.

आणि दोन फरक. जुन्या डेटात पी४च्या तळाची खोली ०.९ आहे, आजच्या फाइलीत ०.६. जुन्या कोडमध्ये बोटीखालची मोकळीक १ फूट आहे, नव्यात १.५. म्हणजे त्या माणसानं तळ खरोखरच पुन्हा मोजला. वाळू एक फुटानं वर आली होती. त्यानं खोली बदलली, आणि वर अर्धा फूट आणखी ठेवला. खोलीचा बदल हा मोजमापाचा; अर्धा फूट हा त्याचा स्वतःचा निर्णय, त्या जागेवरचा विश्वास कमी झाल्याचा. अनोळखी लेखकाच्या इतकं जवळ नेणारी ओळ मला क्वचितच कुठल्या कोडमध्ये भेटली आहे.

१ जुलै

पडताळणी. तेच वेग, तेच गुणक आणि पी फाइलींतले आकडे घेऊन पायथॉनमध्ये हाच हिशेब स्वतंत्रपणे लिहिला. वेगवेगळ्या वर्षांतल्या दिवसांवर दोन्ही वक्र एकमेकांवर ठेवले. उंचीतला फरक सेंटिमीटरच्या आत राहतो. १.४२ मीटरच्या एम२पुढे तो नगण्य आहे.

लीप वर्षाचा नियम लेखकानं साधा ठेवलाय: चारनं भाग गेला की लीप. १९०१ पासून २०९९ पर्यंत तो नियम बिनचूक आहे, कारण २००० हे खरोखरच लीप वर्ष होतं. अडथळा फक्त ९९ च्या मर्यादेचा. प्रतीवरची ती एक अट सैल केली आणि वर्षाच्या जागी १२६ दिलं, तर २०२६ चा वक्र निघतो आणि स्वतंत्र हिशेबाशी जुळतो.

आकाशाची बाजू चार दशकांनंतरही बरोबर चालते. तळाची बाजू नाही. वाळू सरकते, पात्र बदलतं, आणि उथळ पाण्यातल्या लाटांच्या उंचीही त्याबरोबर बदलतात. या प्रोग्रॅमवर विसंबून आज कुणी बोट घेऊन आत जाऊ नये. प्रतीच्या सुरुवातीला ही सूचना मोठ्या अक्षरांत टाकली आहे.

३ जुलै

संग्रहाचं पाकीट तयार केलं. मूळ फ्लक्स, सेक्टर प्रतिमा आणि त्यांचे चेकसम. ‘के’चं संरक्षित रूप जसंच्या तसं, शेजारी उलगडलेलं लिस्टिंग. जुन्या आवृत्तीचे तुकडे, भगदाडं स्पष्ट दाखवून. मधल्या ओळी मी कल्पनेनं भरलेल्या नाहीत. पायथॉनची पडताळणी. पी फाइलींचा तक्ता, आणि यावेळी प्रत्येक रकान्याला नाव आणि एकक: उंची मीटरमध्ये, कोन अंशांत, तळ मीटरमध्ये, बोटीची बुडती खोली फुटांत, मोकळीक १.५ फूट. पाच प्रश्नांचा अर्थ पहिल्याच पानावर क्रमानं लिहिला आहे.

पाच ठिकाणांच्या एम२, एस२, के१ आणि ओ१ यांच्या उंची वेगळ्या फाइलीत, साध्या मजकुरात ठेवल्या. प्रसिद्ध झालेल्या बंदरांच्या आकड्यांशी कुणाला त्या ताडून पाहायच्या असतील तर कोनांची नुसती तुलना करू नये. कोन कोणत्या घड्याळावर मोजलेत याचा प्रोग्रॅममध्ये उल्लेख नाही, त्यामुळे पाचही ठिकाणांचे कोन एकसारखे सरकलेले असू शकतात. उंचींची आपसांतली गुणोत्तरं आणि पी१ ते पी५ मधला कोनांचा फरक मात्र घड्याळ बदललं तरी फारसा हलत नाही. शोध तिथून सुरू करावा. तक्त्यात ठिकाणाच्या नावाचा रकाना आहे, पाचही ओळींत सध्या रिकामा.